बबनभाऊच्या ट्रकचं पुढचं सील

गिअर ऑइलचा वास बहुतेकांना सोसत नाही. माझ्या सुनेला तर नुसत्या वासाने मळमळतं. मला मात्र तो वास आला की भूक लागते. आमच्या गॅरेजात दुपारचं जेवण त्याच वासात व्हायचं. आधी हात रॉकेलने धुवायचे, मग साबणाच्या चुऱ्याने, मग डबा उघडायचा. तरी भाकरीला थोडा वास लागायचाच.

आता मी मनीषनगरात मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. इथे सगळं स्वच्छ आहे. खाली पार्किंगमध्ये गाड्या उभ्या असतात, पण त्यांच्याखाली तेलाचा एक थेंब पडलेला नसतो. मी येता-जाता वाकून पाहते. वॉचमन विचारतो, "आजी, काही पडलं का?" मी मान हलवून पुढे जाते. त्याला काय सांगायचं?

दिवाळीच्या अंकांत नर्सबाई, पोस्टमन, पोलीस आपापल्या नोकरीचं लिहितात. सून आणते, मी वाचते. आमचंही काम होतं की, असं वाचताना वाटतं. पण चौथी शिकलेल्या बाईने ट्रकखालचं लिहायचं म्हणजे काय, आणि ते छापणार कोण? मलाच ते नको आहे. चार लोकांनी माझ्याकडे पाहिलं की मला आजही पदर कुठे ठेवू कळत नाही. दुपारी घरात कोणी नसतं, तेव्हा आपल्यापुरतं लिहिते आहे.

आमचं गॅरेज नंदनवनच्या पुढे, रस्त्याला लागून होतं. टिनाचं शेड, समोर एक शटर, मागे कडुनिंब. माझ्या यजमानांना सगळे मिस्त्री म्हणत. मीसुद्धा मनात मिस्त्रीच म्हणायची, तोंडावर "अवो". आधी मी फक्त डबा घेऊन जायची. मग मुलगा शाळेत जायला लागला तशी दुपारभर थांबू लागले आणि खोललेलं सामान डिझेलमध्ये धुवायला लागले. लाजऱ्या माणसाला ते काम चांगलं. मान खाली घालूनच करायचं असतं. ड्रायव्हर लोक मोठ्याने बोलत, शिव्या देत, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बेअरिंग धूत असे. धुता धुता नावं कळली, कोणता तुकडा कुठला ते कळलं. कोणी शिकवलं नाही.

मग एकदा मिस्त्री एका गिऱ्हाइकाशी बोलत गाडीला टेकून उभे होते. गाडी नुकतीच आलेली, सायलेन्सर तापलेला, आणि त्यांचा हात त्याच्यावर. मला चामडी भाजल्याचा वास आला. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते बोलतच होते.

"अवो, हात," मी म्हणाले. गॅरेजात मी मोठ्याने बोललेले ते पहिलेच शब्द असतील.

त्यांनी हात उचलला, पाहिला आणि खिशात घातला. गिऱ्हाइकाशी पुढे बोलत राहिले.

डॉक्टर म्हणाले, साखरेने बोटांच्या शिरा गेल्या. पाय अजून बरे होते, डोळेही. फक्त बोटं. पण मिस्त्रीचं अर्धं काम बोटांचंच असतं. गाडीखाली कितीतरी ठिकाणी नजर पोचत नाही. नटाने आटा धरला की आडवा चढला, हे बोटानेच कळायचं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. एक दिवस मला म्हणाले, "कमल, जरा खाली जाऊन पाह्य." मी साडी खोचून वर त्यांचा जुना शर्ट घातला आणि पोतं टाकून खाली गेले. तिथून पुढे रोजच जायला लागले.

लोकांना वाटलं, मिस्त्री आता मोठा झाला. बबनभाऊ तर तोंडावर म्हणायचा.

"मिस्त्री, तुमी तं साहेब झाले. बायको गाडीखाली अन् तुमी खुर्चीवर."

"अबे, सरकारी काम असंच असते," हे म्हणायचे. "एक करते, दुसरा पाह्यते."

बबनभाऊ म्हणजे खाप्याकडचा ड्रायव्हर. ट्रक त्याचा स्वतःचाच होता. आवाज असा की तो रस्त्याच्या वळणावर बोलला तरी आम्हाला शेडमध्ये ऐकू यावं. त्याचा ट्रक डिस्पोजलचा, म्हणजे फौजेने वापरून लिलावात काढलेला. साध्या ट्रकची मागचीच चाकं गाडी ढकलतात. याची पुढची चाकंही ओढत. जंगलातून लिलावाची लाकडं आणायला असाच ट्रक लागतो, साधा चिखलात बसतो.

पुढची चाकं ओढणारी असली की त्यांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याला डिफ्रन्शियल म्हणतात. आत दातेरी चक्रं तेलात बुडून फिरत असतात. गोळ्यातून दोन्ही चाकांकडे एकेक जाड दांडा जातो, तो एक्सल. दांडा फिरला पाहिजे, पण त्याच्या कडेने तेल बाहेर येता कामा नये. म्हणून दांड्याभोवती रबराची एक कडी घट्ट बसवतात, तिच्या आत बारीक स्प्रिंग असते. तेच ऑइल सील. तळहातावर मावेल एवढं, पण तिथपर्यंत पोचायला चाक, ड्रम, बेअरिंग सगळं उतरवून दांडा बाहेर ओढावा लागतो. सील गेलं की तेल चाकाकडे येतं आणि ब्रेकवर पसरतं. मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. लाकडं भरलेली गाडी उतारावर अशी ओढली गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बबनभाऊ आला, तेव्हा डावं चाक आतून तेलाने माखलं होतं. सगळं उतरवून मी दांडा बाहेर काढला. हे बाहेर, चाकाच्या पलीकडे, स्टुलावर.

"सीलचा ओठ जिथं घासते ना, तिथं नख फिरव," हे म्हणाले.

"खाच हाये."

"केवढी?"

"केसाएवढी."

"डोक्याच्या का पापणीच्या?"

मी पुन्हा नख फिरवलं. "पापणीच्या."

"मंग नवं सील ठोकून पार आत नको नेऊ. जरासं अलीकडेच ठेव. नव्या जागी घासू दे त्याले."

मी तसंच केलं. स्प्रिंग तेलाच्या बाजूला, ओठाला बोटाने तेल, दांडा आत घालताना सीलला धार लागू द्यायची नाही. ते एकेक विचारत होते, मी हो म्हणत होते. बरोबर झालं की ते काही बोलत नसत, पुढचं विचारत. तीच त्यांची शाबासकी.

पण खरं सांगायचं तर आमचं बोलणं नुसतं सीलचं नसे. आम्ही दोघं घरी फार बोलायचो नाही. तेही माझ्यासारखेच लाजरे, फक्त पुरुष असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात यायचं नाही. गाडीखाली मात्र आमचं बोलणं थांबत नसे. मी खाली, ते बाहेर, मधे चाक. एकमेकांचं तोंड दिसत नाही म्हणूनच असेल. एकदा मी खालून विचारलं, "लग्नात मले पाहून तुमी नाराज झालते का?"

ते म्हणाले, "चौदाचा पाना दे इकडे."

मी पाना सरकवला. एक नट सुटला. मी दुसरा नट सोडवत होते तेव्हा बाहेरून आवाज आला, "नाही."

हे असं आता कोणाशी बोलायचं? मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण समोर बसून विचारतात, "आई, काय झालं?" समोर बसून मला सांगता येत नाही.

बबनभाऊचा ट्रक काही दिवसांनी परत आला. तेच चाक, तेच तेल. मला वाटलं सील ठोकताना माझा हात वाकडा गेला. पुन्हा सगळं उतरवलं, पुन्हा नवं सील बसवलं. या वेळी हे दर पायरीला दोनदा विचारत होते. घरी जाताना स्कूटरवर मी मागून म्हणाले, "माझाच हात चुकला असन."

"तुझा हात नाही चुकला. मीच सांगतलं थे चुकलं असन."

"नाही, माझाच."

"गप वं."

दोघांनाही चूक आपल्याकडे घ्यायची होती. रात्री जेवताना ते म्हणाले, "आता बबन परत आला तं शटर पाडून टाकू. जागेच्या मालकाशी बोललो मी. पंक्चरवाला मागून राहिला जागा."

"एका सीलपायी?"

"बोटं गेली तवा म्हटलं, डोकं तं हाये. आता डोकंही चालत नसन तं लोकायच्या जिवाशी काहून खेळायचं?"

आमच्या गल्लीत काम सुटलेली माणसं मी पाहत होते. दाराशी खुर्ची टाकून बसत. आधी येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, मग फक्त मान हलवत, मग चहा मागण्यापुरतं तोंड उघडत. हे तर मुळातच कमी बोलणारे. ते दाराशी बसले की माझ्यासाठी त्यांचा आवाज गेलाच असता. मला गॅरेज हवं होतं ते त्या आवाजासाठी. तेव्हा हे असं शब्दात मांडता आलं नसतं.

पुढे मिस्त्री वारले, त्यानंतर बबनभाऊच घरी आला होता. म्हणाला, "वहिनी, गॅरेज तुमीच चालवा. तुमाले सगळं येते." येत होतं, ते खोटं नाही. एका गाडीखाली मी गेलेही. चाक उतरवलं, दांडा काढला, आणि मग पाना हातात धरून तशीच पडून राहिले. बाहेरून कोणी काही विचारत नव्हतं. ती गाडी मी पुरी केली आणि पंक्चरवाल्याला जागा दिली. पण ते नंतरचं.

त्या वेळी बबनभाऊ तिसऱ्यांदा आला तो भर दुपारी. आधी दोन्ही वेळा तो संध्याकाळी गाडी लावून गेला होता आणि आम्ही सकाळी थंड गाडी खोलली होती. आज सरळ खाप्याहून आला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान होता.

"मिस्त्री, वाईट नका मानू," तो म्हणाला. "डावं चाक पुन्हा ओलं हाये. मी दुसरीकडे दाखवून राहिलो गाडी. म्हटलं, तोंडानं सांगून जावं. मागून कळन तं बरं नाही वाटत."

"बरोबर हाये तुझं," हे म्हणाले. मग मला म्हणाले, "कमल, त्याच्या गोळ्यातलं तेल पाहून दे. रस्त्यात कमी नको पडायले."

एरवी ते आधी गाडी थंड होऊ द्यायचे. तो त्यांचा नियमच होता. त्या दिवशी त्यांना त्याचंही भान नव्हतं. मी पोतं टाकून खाली गेले. गोळ्याला हात लावला तर चटका बसला. फडक्याने धरून तेल भरायच्या भोकाचा बूच सैल केला. तो सुटता सुटता 'फुस्स' असा लांब आवाज झाला आणि गरम तेल माझ्या मनगटावर उडालं. मी हात मागे घेतला.

मग त्यांचा आवाज आला. "कमल. थे काय होतं?"

"हवा होती."

"आत गेली का बाहेर आली?"

"बाहेर. तेल उडालं माझ्या हातावर."

"भाजलं?"

"थोडं."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. ते चाकाजवळ उकिडवे बसले असावेत, कारण आवाज एकदम जवळ आला. "घरी कुकरची शिट्टी बुजली तं वाफ कुठून निघते?"

"रबरातून."

"मंग तू रबर बदलत बसते का?"

मी हातातला बूच तसाच धरून पडले होते. "नाही," मी म्हणाले. "शिट्टी साफ करते."

"आपण दोन वेळा रबर बदललं, कमल."

गोळ्यालाही शिट्टी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती बाहेर जायला वरच्या बाजूला एक बारीक नळी आणि तिच्यावर सैल टोपी बसवलेली असते. ब्रीदर म्हणतात. ती कधी कोणी पाहत नाही, वर चिखल बसलेला असतो. त्यांनी सांगितलं तिथे मी हात घातला, चिखल खरवडला.

"टोपी लागली हाताले. पण हलत नाही."

"हललीच पाहिजे. काय हाये तिच्यावर?"

"कडक हाये. गुळगुळीत." मी नख मारलं, पापुद्रा निघाला, तो उजेडात धरला. "रंग हाये अवो. चांदीचा."

"बबन," हे म्हणाले, "दसऱ्याले गाडी कोणी रंगवली गा?"

"मी," बबनभाऊचा आवाज पहिल्यासारखा मोठा झाला. "दरसाली पेंटर चाकं अन् फळ्या रंगवते फक्त. यंदा म्हटलं, हिच्या जिवावर घर चालते, पूजेले उभी करायची तं खालून-वरून नवी दिसली पाहिजे. दोन हात मारले ना मी, स्वतः खाली झोपून."

"तिच्या नाकातही मारले तू दोन हात."

"काहून? काय झालं?"

"अबे, तिले श्वास घ्यायले जागा नाही ठेवली. मंग ती सीलमधून तेल फेकन नाही तं काय करन?"

बबनभाऊ हळूच म्हणाला, "मी तं प्रेमानं देल्ता रंग."

"दिसते ना प्रेम. सुटता सुटत नाही."

मी खाली पडल्या पडल्या हसले. माझं हसणं बाहेर ऐकू गेलं असणार.

आमच्या हे आधी का लक्षात आलं नाही, त्याचंही कारण आहे. दसऱ्याला आम्ही सकाळीच दीक्षाभूमीवर जायचो. शेड बंद असायचं. हत्यारांची, गाड्यांची पूजा आमच्याकडे नसते. त्यामुळे लोक त्या दिवसासाठी गाडी कशी सजवतात, कुठवर रंगवतात, हे आम्ही जवळून कधी पाहिलंच नव्हतं. झेंडूच्या माळा सुकल्यावर गाड्या आमच्याकडे येत, तोवर खालच्या रंगावर चिखल बसलेला असे.

मी ब्रीदर काढून बाहेर दिला. रॉकेलमध्ये भिजवला, ब्लेडने रंग खरवडला, बांगडीत अडकवलेली पिन काढून भोक मोकळं केलं. भोक पुरतं उघडलं का हे बघायला त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. बोटांनी चाचपून काही कळेना. मग त्यांनी तो ओठांत धरला आणि फुंकला. नंतर दुसरीकडून फुंकला. ओठांना अजून कळत होतं. त्यांच्या मिशीला रॉकेल लागलं.

"मोकळा झाला," ते म्हणाले.

सील तिसऱ्यांदा बसवलं. ब्रेकच्या पट्ट्यांवरचं तेल धुतलं, पट्ट्या घासल्या. बबनभाऊ मदतीला खाली वाकला तर हे म्हणाले, "तू दूर राह्य. तुझ्या हातात काही रंगबिंग असन." तो हसला आणि पाणी आणायला गेला.

ऊन उतरल्यावर दोघं ट्रक घेऊन उमरेड रोडने गेले, गोळा चांगला तापेपर्यंत चालवायला. मी शेडमध्ये थांबले. हत्यारं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. रस्त्यावरच्या प्रत्येक जड गाडीचा आवाज ऐकत होते. बबनभाऊच्या ट्रकचा आवाज मला झोपेतही ओळखू आला असता, पण त्या दिवशी प्रत्येक आवाज त्याचाच वाटत होता.

ते परत आले तेव्हा दिवे लागायचे होते. बबनभाऊ वरूनच म्हणाला, "वहिनी, ब्रेक दाबला तं गाडी अशी सरळ उभी, जशी शाळेत प्रार्थनेले."

मी पोतं उचललं आणि चाकाकडे निघाले.

"थांब," हे म्हणाले. केबिनमधून उतरले आणि पोतं माझ्या हातातून घेतलं.

"मिस्त्री, वहिनी हायेत ना," बबनभाऊ म्हणाला.

"दरवेळी तिनंच पाह्यचं का?"

त्यांनी पोतं जमिनीवर पसरलं, त्यावर बसले, मग पाठ टेकली आणि टॉर्च घेऊन खाली सरकले. सायलेन्सरवर हात भाजला त्या दिवसापासून ते कधी गाडीखाली गेले नव्हते. बबनभाऊ चहा सांगायला गेला. मी चाकाजवळ जमिनीवर बसले. ते आत आणि मी बाहेर, असं पहिल्यांदाच होत होतं. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते, टाचांना भेगा पडलेले.

"कमल, हायेस का?"

"हाये."

"कोरडं हाये."

मला वाटलं आता ते बाहेर येतील. आले नाहीत. टॉर्च विझवल्याचा आवाज आला. मग खालूनच म्हणाले, "जागेच्या मालकाले नाही म्हणून सांगायचं हाये उद्या. मले आठवण दे."

"देते."

"अन् थे मागे उभी हाये गाडी, तिचा गिअरबॉक्स उद्या उतरवू. आवाज मले बरा नाही वाटून राहिला तिचा. तुले काय वाटते?"

मी मला काय वाटतं ते सांगितलं. ते ऐकत होते. मग ते बोलले, मग मी. चहा आला. बबनभाऊने दोन पेले माझ्याजवळ ठेवले, आमच्याकडे पाहिलं आणि आपला पेला घेऊन रस्त्याकडे गेला. चहावर साय धरली. त्यांना बाहेर या असं मी म्हटलं नाही.